गुणात्मक पाहणी : ‘किती’च्या पुढचा ‘का?’



गावात कागदांची चळत घेऊन येणारी माणसे आपणास नवीन नाहीत. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी येतात, शासनाच्या निरनिराळ्या खात्यांचे कर्मचारी येतात, बियाणे व औषध कंपन्यांचे प्रतिनिधी येतात. जमीन किती, बागायत किती, जनावरे किती, एकरी उत्पादन किती, असे विचारून ठराविक चौकोनात खुणा करतात आणि पुढच्या घराकडे वळतात. या पाहण्या निरुपयोगी नसतात. कोणत्या तालुक्यात कोणत्या वाणाखाली किती क्षेत्र आहे, हे अशा मोजणीशिवाय कळणार नाही. परंतु शेतकरी एखादी गोष्ट का करतो किंवा का करत नाही, हे त्या चौकोनात क्वचितच मावते. ते समजून घेण्याची निराळी पद्धत आहे. तिला गुणात्मक संशोधन म्हणतात. मी कृषिविद्या विषयाचा माणूस. पीक आणि जमीन हा माझा प्रांत. या पद्धतीकडे मी वळलो तो स्वतःची एक चूक कळल्यामुळे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

माझ्या फॉर्ममध्ये काय राहिले

एम.एस्सी. (कृषी) च्या प्रबंधासाठी मी एक पाहणी केली होती. सोयाबीनच्या बियाण्यास पेरणीपूर्वी बुरशीनाशक चोळावे, ही शिफारस जुनी आहे. खर्च अल्प आहे. तरीही तिचा अवलंब कमी का, हा माझा विषय होता. फॉर्मवर मी कारणे छापून नेली होती : माहितीचा अभाव, औषध वेळेवर न मिळणे, खर्च जास्त, मजूरटंचाई आणि शेवटी ‘इतर’. ‘इतर’पुढे बोटभर रेघ ठेवली होती. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ‘माहितीचा अभाव’ यावर खूण केली. प्रशिक्षणाचे कार्यक्रम वाढवावेत, असा निष्कर्ष मी लिहिला आणि प्रबंध मंजूर झाला.

पुढे दोन वर्षांनी त्यांपैकीच एका गावात प्रात्यक्षिकासाठी गेलो. पेरणी चालू होती. घरधनी तिफण हाकत होते आणि मागे चाड्यावर मूठ धरून घरच्या मावशी चालत होत्या. दुपारी भाकरीच्या वेळी बांधावर बसलो असता बीजप्रक्रियेचा विषय निघाला. मावशी म्हणाल्या, “सर, औषध आमाला म्हाईत हाय. पर चोळलेलं बी दिवसभर मुठीत मलाच धरावं लागतंय. हाताची आग व्हती. त्याच हातानं लेकराला घास भरवायचा का? आन् पावसानं दगा दिला, पेरणी अर्धी राहिली, तर चोळलेलं बी ना बाजारात इकता येतं ना घरात ठेवता येतं.”

मी घरधन्यांना विचारले, “मग कागदावर ‘माहिती नाही’ असे का सांगितले?” ते हसले. म्हणाले, “सर, माहिती नाही म्हटलं की तुम्ही लोक माहिती सांगता आन् निघता. दुसरं काही सांगितलं की बसून राहता. पेरणीच्या दिवसांत बसायला येळ कुणाला असतो?”

माझ्या पाहणीत तीन चुका एकदम झाल्या होत्या. उत्तरे मीच आधी ठरवून छापली होती. प्रश्न घरधन्यास विचारले होते, परंतु ज्या हाताने बी पडते त्या हाताला विचारलेच नव्हते. आणि विद्यापीठाच्या माणसापुढे लोक सोयीचे उत्तर देतात, याचा विचार केला नव्हता. मी दिलेला निष्कर्ष मानून कोणी त्या गावात आणखी दहा सभा घेतल्या असत्या, तरी एक किलो बियाणेही जास्त चोळले गेले नसते. प्रत्यक्षात उपयोगी पडल्या त्या दोन साध्या गोष्टी. एका वेळी अर्ध्या दिवसाच्या पेरणीपुरतेच बी चोळायचे, म्हणजे उरत नाही. आणि जाड रबरी हातमोज्यात बी किती सुटते ते कळत नाही, पातळ मोज्यात कळते. हे बायकांनीच वापरून सांगितले. (घास भरवण्याआधी साबणाने हात धुणे आवश्यक आहेच.)

आकडा आणि अर्थ

रब्बी ज्वारीचे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. मालदांडी ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवड पद्धतीने तयार झाला. त्यानंतर रब्बीसाठी सीएसएच-८ आर, सीएसएच-१५ आर यांसारखे संकरित वाण आले. प्रयोगाच्या वाफ्यात त्यांचे धान्य उत्पादन मालदांडीपेक्षा सरस दिसले. तरी शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही. केवळ क्विंटलचा आकडा पाहणाऱ्यास हा हट्ट वाटेल. परंतु घरात बसून विचारले की उत्तर सरळ मिळते : टपोरा, मोत्यासारखा दाणा, भाकरीची चव, जनावरे आवडीने खातात तो कडबा, खोडमाशीला त्यातल्या त्यात तग धरणे आणि दरवर्षी नवे बी विकत घेण्याची गरज नसणे. आपण दाणे मोजत होतो. शेतकरी दाणे, कडबा, भाकरी आणि जोखीम हे सर्व एकत्र मोजत होता.

संख्यात्मक पाहणी ‘किती’ ते सांगते आणि गुणात्मक पाहणी ‘का’ व ‘कसे’ ते सांगते. एकीने दुसरीची जागा घेऊ नये. अमेरिकेतील आयोवा राज्यात ब्राइस रायन व नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध केला. दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना त्यांनी विचारले. संकरित मक्याची पहिली बातमी बहुतेकांना बियाणे विक्रेत्याकडून मिळाली होती, परंतु खात्री पटली ती शेजाऱ्याचे पीक पाहून व त्याच्याशी बोलून. हे मोजणीमुळेच कळले. शेजाऱ्याशी काय बोलणे झाले, कोणती शंका होती, ती कशी फिटली, हे मात्र मोजणीच्या पलीकडचे आहे.

शेतीपुरतीच ही गोष्ट नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासी बांधवांना विचारले की, तुम्ही रुग्णालयात का येत नाही? अंतर, पैसा ही कारणे कोणीही अंदाजाने लिहिली असती. लोकांनी सांगितले की, त्या मोठ्या इमारतीचीच भीती वाटते. रुग्णाला आत नेतात आणि नातलगांना बाहेर ठेवतात. म्हणून तेथील रुग्णालय झोपड्यांच्या पाड्यासारखे बांधले गेले, नातलगांना राहण्याची सोय झाली आणि त्यास लोकांच्या दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. शिक्षणातही हेच दिसते. गरीब पालकांना मुलांच्या शिक्षणात रस नसतो, असे पूर्वी सर्रास म्हटले जाई. उत्तर भारतातील पाच राज्यांत १९९६ मध्ये झालेल्या आणि १९९९ मध्ये ‘प्रोब’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पालकांशी व शिक्षकांशी बोलल्यावर हा समज टिकला नाही. पालकांना शिक्षण हवे होते. शाळेची अवस्था आणि तेथील शिकवणे यांनी त्यांची निराशा केली होती.

मुलाखत कशी घ्यावी

येथे मुलाखत म्हणजे ठरलेल्या प्रश्नांची यादी वाचणे नव्हे. चार-पाच विषय मनात ठेवून जावे आणि बोलणे समोरच्या व्यक्तीच्या वाटेने जाऊ द्यावे. “तुम्ही माती परीक्षण करता ना?” या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, समोरचा मान हलवणार. त्याऐवजी “मागच्या खरिपात खते घेतली त्या दिवशी काय काय झाले, सकाळपासून सांगा” असे म्हणावे. दुकानात गेलो, अमुक खत नव्हते, उधारीवर दुकानदाराने दुसरे दिले, असे उत्तर येईल. माती परीक्षणाचा अहवाल घरात खुंटीला का लटकत राहिला, हे या एका वाक्यात कळते. उधारी ज्याची, खत त्याच्या पसंतीचे!

प्रश्न विचारल्यावर थांबावे. ही गोष्ट आम्हा शिकवणाऱ्यांना सर्वात अवघड जाते. समोरची व्यक्ती गप्प झाली की आपण लगेच उत्तर पुरवतो किंवा पुढचा प्रश्न टाकतो. खरे बोलणे बहुधा त्या शांततेनंतर सुरू होते. समोरच्याचे चुकते आहे असे वाटले तरी त्या वेळी दुरुस्ती करू नये. शिफारस सांगावयाची असल्यास ती निघताना सांगावी, कारण एकदा मास्तर झालात की पुढची उत्तरे विद्यार्थ्यासारखी मिळतात.

नोंद त्याच दिवशी पूर्ण करावी आणि शक्यतो बोलणाऱ्याच्या शब्दांत करावी. ‘हाताची आग होते’ याचे ‘त्वचाविषयक तक्रार’ असे भाषांतर केले की अर्धा अर्थ गळून जातो. आता मोबाईलवर ध्वनिमुद्रण करता येते, परंतु ते विचारूनच करावे. आणि यंत्र चालू असल्याने लोक जपून बोलतात, हेही ध्यानात ठेवावे.

काही गोष्टी विचारून कळत नाहीत, राहूनच कळतात. एम. एन. श्रीनिवास हे समाजशास्त्रज्ञ १९४८ साली म्हैसूर भागातील एका खेड्यात मुक्काम करून राहिले. भातशेती, जातींचे व्यवहार, भांडणे, सण हे सर्व त्यांनी गावात वावरून टिपले. १९७० साली अमेरिकेत असताना आगीत त्यांच्या या टिपणांचे काम जळाले, तेव्हा त्यांनी आठवणींच्या आधारे त्या गावावर पुस्तक लिहिले. ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकात गावाचे नाव ‘रामपुरा’ असे आहे, परंतु ते खरे नाव नव्हे. लोकांनी विश्वासाने सांगितलेले लिहावयाचे तर त्यांची ओळख झाकावी, हा त्यामागील विचार. आपल्याला वर्षभर कोठे राहता येणार नाही. परंतु बाजार समितीत एक संपूर्ण दिवस नुसते उभे राहून लिलाव पाहिला, तरी दहा मुलाखतींत न सांगितलेले बरेच दिसते.

गटचर्चा आणि चिंचोके

निवडक लोकांचा गट बसवून एका विषयावर बोलते करण्याची रीत १९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मर्टन यांनी रेडिओचे कार्यक्रम ऐकणाऱ्या श्रोत्यांपासून सुरू केली. सहा ते दहा माणसे पुरेत. गट कसा जमवतो यावर सारे अवलंबून आहे. पारावर बोलावले तर पारावर बसणारेच येणार. भूमिहीन मजूर, महिला आणि वस्तीवर राहणारे येणार नाहीत; आले तरी पाटील बोलून झाल्यावर कोणी बोलणार नाही. म्हणून महिलांचा गट वेगळा, त्यांच्या सोयीच्या वेळी, बहुधा दुपारी घ्यावा. अल्पभूधारकांचा वेगळा घ्यावा. एखादा गृहस्थ सतत बोलत असेल तर त्यास नकाशा काढण्याचे किंवा नोंदी लिहिण्याचे काम द्यावे. अनुभव असा की मान राहतो आणि इतरांनाही बोलता येते.

वाणांची निवड करावयाची असल्यास चिंचोक्यांची पद्धत फार सोपी आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही तेही तीत बरोबरीने भाग घेतात. समजा, चार वाणांची तुलना करावयाची आहे. अंगणात खडूने किंवा राखेने चौकट आखावी. वर एका ओळीत त्या चार वाणांची कणसे किंवा दाणे ठेवावेत. मग त्यांतील कोणतेही दोन उचलून विचारावे, “यांतले एकच पेरायचे तर कोणते? का?” उत्तरात जे कारण येईल ती चौकटीची एक आडवी ओळ. “हे लवकर येते”, “याला पाखरे कमी लागतात”, “याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते”, “याचा कडबा दावणीत उरत नाही” अशा ओळी तयार होत जातील. ओळी आपण सुचवावयाच्या नाहीत, हा या पद्धतीचा प्राण आहे. सर्व ओळी झाल्यावर प्रत्येक ओळीसाठी दहा चिंचोके देऊन ते चार वाणांत वाटून ठेवण्यास सांगावे. गटात वाद होईल. तो होऊ द्यावा आणि नीट ऐकावा, कारण नोंदविण्याजोगे बहुतेक सारे त्या वादातच असते. चिंचोक्यांची बेरीज करून ‘पहिला क्रमांक’ काढण्याची घाई करू नये. भाकरीची ओळ आणि पाखरांची ओळ यांचे वजन सारखे नसते. कोणती ओळ सर्वात महत्त्वाची, हेही गटालाच विचारावे. पुरुषांची आणि महिलांची चौकट वेगवेगळी करून नंतर शेजारी ठेवल्यास काय फरक पडतो, ते स्वतः पाहावे.

या प्रकारच्या कामाचे फळ देशात दिसले आहे. १९९० च्या दशकात कृभकोच्या कोरडवाहू शेती प्रकल्पात गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील आदिवासी शेतकऱ्यांना भाताचे अनेक वाण त्यांच्याच शेतात, त्यांच्याच पद्धतीने पेरण्यास दिले गेले आणि पसंती-नापसंती त्यांनाच विचारली गेली. ओडिशात प्रसारित झालेला ‘कलिंगा-३’ हा वाण त्यांनी उचलला. तो लवकर येतो आणि दाणा चांगला आहे, ही त्यांची कारणे. तो लोळतो, हे त्यांना दिसत होते. तरीही साठवलेले धान्य संपत आलेल्या दिवसांत लवकर हाती येणारे भात त्यांना अधिक मोलाचे वाटले. त्या भागासाठी तोवर त्याची शिफारसच नव्हती.

शिवारफेरी आणि डांबरी रस्ता

जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढणे, गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवारातून चालत जाऊन माती, पाणी, पिके यांची नोंद घेणे, बारा महिन्यांची पट्टी आखून कोणत्या महिन्यात काम, कर्ज, आजार, चाराटंचाई येते ते मांडणे, या रीती आता पाणलोटाच्या कामांमुळे आपल्या परिचयाच्या आहेत. १९८५ मध्ये थायलंडमधील खोन केन विद्यापीठात या पद्धतींवर मोठी परिषद झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘मायराडा’ व ‘आगा खान ग्रामीण आधार कार्यक्रम’ यांसारख्या संस्थांनी भारतात त्यांना लोकसहभागाचे रूप दिले. बारमाही पट्टी भरताना आषाढ-श्रावणात कर्ज, ताप आणि निंदणी एकाच वेळी येतात, हे गटाच्या नजरेस आले की वरखताचा दुसरा हप्ता लांबणीवर का पडतो हे वेगळे विचारावे लागत नाही.

इंग्लंडमधील ससेक्स येथील रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांचे दोष दाखविले आहेत. ते डांबरी रस्त्यालगतचीच गावे पाहतात. जेथे योजना चालू आहे तेथेच जातात. पुढारी, पुरुष आणि प्रगतिशील शेतकरी यांनाच भेटतात. चिखलाच्या दिवसांत न जाता कोरड्या हंगामात जातात. संकोचामुळे अवघड प्रश्न टाळतात आणि फक्त आपल्या विषयापुरतेच पाहतात. वाचताना मला आमच्या विस्तार दौऱ्यांची जीप आठवली. आपल्या गावात एखादे पथक आले तर त्यांना आवर्जून ओढ्यापलीकडच्या वस्तीवर न्यावे.

किती लोकांशी बोलावे?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. येथे शंभर किंवा दोनशे असा आकडा नाही. निरनिराळ्या परिस्थितीतील माणसे निवडत जावे : बागायतदार, कोरडवाहू, खंडाने करणारा, घर चालवणारी विधवा भगिनी, शेती सोडलेला तरुण. नवीन माणसाकडून नवीन मुद्दा येणे थांबले की थांबावे. ज्यांनी नवी पद्धत घेतली नाही त्यांच्याइतकेच ज्यांनी घेऊन सोडून दिली त्यांच्याशी बोलणे महत्त्वाचे असते, आणि नेमके तेच आमच्या याद्यांत नसतात.

ऐकीव माहिती जशीच्या तशी मानावयाची नाही. एकच गोष्ट तीन बाजूंनी तपासावी : सांगितलेले, डोळ्यांनी पाहिलेले आणि कागदावरचे. शेतकरी म्हणतो पाणी आठ दिवसांनी मिळते. पाटावर जाऊन पाहावे, पाणीवाटपाची नोंदवहीही पाहावी. तिन्ही जुळले नाहीत तर कोणी खोटे बोलतो असे लगेच समजू नये. न जुळण्याचे कारण शोधणे हाच पुढचा अभ्यास.

नोंदी जमल्यावर त्या पुन्हा पुन्हा वाचाव्यात आणि समासात प्रत्येक मुद्द्यास एक छोटे नाव द्यावे : ‘उधारी’, ‘लेकरू’, ‘उरलेले बी’. एकाच नावाच्या नोंदी शेजारी ठेवून पडताळाव्यात. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी अमेरिकेतील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांविषयीच्या अभ्यासातून ही पडताळणीची रीत बांधली आणि १९६७ च्या पुस्तकात मांडली. आधी सिद्धांत आणि मग पुरावा असे न करता, नोंदींतूनच अर्थ वर येऊ द्यावा, हा तिचा गाभा. आपल्या कल्पनेविरुद्ध जाणारी नोंद दिसली तर ती गाळू नये, तिच्याभोवती लाल वर्तुळ करावे.

मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. वीस जणांशी बोलून ‘साठ टक्के शेतकऱ्यांचे मत’ असे लिहिणे चूक आहे. कारणे कोणती, हे या पद्धतीने कळते. कोणते कारण किती जणांचे, यासाठी पुन्हा फॉर्म हवाच. फरक इतकाच की त्या फॉर्मवरील कारणे आता शेतकऱ्यांनी दिलेली असतील.

आपला हक्क

पाहणीस येणाऱ्यास आपण कोण, कोणासाठी आलात, माहितीचे काय करणार, असे विचारण्याचा आपणास पूर्ण हक्क आहे. उत्तर न देण्याचा आणि मध्येच थांबण्याचाही आहे. कर्ज, आजारपण, घरातील भांडण यांविषयी बोलल्यास नाव न छापण्याची हमी घ्यावी. निष्कर्ष तयार झाल्यावर ते गावात येऊन वाचून दाखवावेत, असा आग्रह धरावा. त्या वाचनाच्या वेळी “असं नव्हं सर” म्हणणारा एक जण जरी निघाला, तरी अभ्यास सुधारतो.

आपल्या शेतकरी गटास किंवा बचत गटास हे काम स्वतः करता येईल. पुढील खरिपापूर्वी एकच शिफारस निवडावी, जी सर्वांना माहीत आहे पण फारसे कोणी करीत नाही. दोघांनी मिळून आठ-दहा घरी जावे; एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. प्रत्येक घरी पुरुष व महिला यांच्याशी वेगवेगळे बोलावे. शंभर पानी वही आणि पेन इतकेच साहित्य लागते. ‘का नाही?’ या प्रश्नाची उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून ती वही सहायक कृषी अधिकाऱ्यास, कृषी विज्ञान केंद्रास किंवा विद्यापीठाच्या संबंधित विभागास दाखवावी आणि तिची एक प्रत गटाकडे ठेवावी.